हायवेवरच जास्त पळणाऱ्या एसयूव्हीला टायर कुठले घालावेत?

प्रश्न थोडक्यात असा. २०२० ची डिझेल क्रेटा, टायर अजून कंपनीचेच, माप २१५/६० आर१७, गाडी पन्नास हजारांच्या पुढे गेलेली, टायर झिजून खाचांतल्या उंचवट्यांना टेकायला आलेले. महिन्यातून एकदोनदा नाशिकहून समृद्धीने नागपूर, अधूनमधून मुंबई, गणपतीत कोकण. गावात गाडी फारशी फिरत नाही. दुकानदार म्हणतो, हार्ड टायर घ्या, लाखभर किलोमीटर बघायला नको. मेहुणे म्हणतात, एटी, म्हणजे ऑल टेरेन टायर टाका, गाडी उठून दिसते. आणखी कुणी सांगितलं की एक माप मोठं घाला, पकड वाढते. चारही बदलायचे की दोन? कंपनी कुठली बरी? आणि नायट्रोजनचं काय?

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. माप आहे तेच ठेवा. एचटी, म्हणजे हायवेचेच टायर घ्या. ९६एच किंवा त्याच्या वरचं भार-वेगाचं रेटिंग बघा, खाली जाऊ नका. ओल्या रस्त्यावर पकड चांगली असलेला टायर निवडा, मग तो दहा हजार किलोमीटर कमी चालला तरी चालेल. बनावटीची तारीख बघितल्याशिवाय रिमवर चढवू देऊ नका. जमत असेल तर चारही बदला. कंपनी कुठली, हा प्रश्न या सगळ्यानंतर येतो. नाशिकात टायर आणि अलाइनमेंटच्या धंद्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि गिऱ्हाईक दुकानात शिरताना पहिला प्रश्न कंपनीचाच विचारतं. तिथूनच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते.

हायवेवरच्या टायरचे वैरी दोन: उष्णता आणि पाणी. गावातला टायर खड्ड्याने, फूटपाथच्या कडेने, खिळ्याने मरतो. हायवेवरचा टायर तापून मरतो, नाहीतर ओल्यात दगा देतो. निवड करताना हे दोनच डोळ्यांसमोर ठेवले की बरेचसे सल्ले आपोआप गळून पडतात.

उष्णतेचं आधी सांगतो, कारण समृद्धीवर टायर फुटण्याबद्दल जितकं बोललं जातं तितकं समजून घेतलं जात नाही. तुमच्या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६९० मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी दोन मीटरपेक्षा थोडी जास्त पुढे जाते. ताशी १०० च्या वेगाला तो सेकंदाला जवळपास १३ वेळा फिरतो. प्रत्येक फेऱ्यात रस्त्याला टेकलेला भाग दबतो, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, वाकते, पुन्हा सरळ होते. तार सारखी वाकवली की वाकते तिथे गरम होते, तसंच हे. हवा कमी असेल तर साइडवॉल जास्त वाकते, गाडीत माणसं आणि सामान जास्त असेल तर आणखी वाकते, आणि वेग वाढला की तेच वाकणं कमी वेळात जास्त वेळा होतं. वर विदर्भातला मे महिना. गावात तुम्ही दहा मिनिटं चालवून सिग्नलला थांबता, टायर निवतो. समृद्धीवर सिन्नरजवळ चढलात की नागपूरपर्यंत थांबायला कुणी सांगत नाही. आतली उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही. मग रबर आणि आतल्या दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि एके ठिकाणी टायर उघडतो.

लोक काँक्रीटला दोष देतात. काँक्रीटवर आवाज जास्त येतो, हे खरं. पण निरोगी, योग्य हवेचा, योग्य वयाचा टायर काँक्रीटवर केवळ काँक्रीट आहे म्हणून फुटत नाही. फुटलेला टायर दुकानात आला की मी तो रिमवरून उतरवून आत हात घालतो. बऱ्याच वेळा हाताला काळी भुकटी लागते, बारीक, काजळीसारखी नाही, रवाळ. आणि साइडवॉलच्या आतून गोल फिरलेला एक घासल्याचा पट्टा दिसतो. याचा अर्थ टायर फुटण्याच्या आधी बराच वेळ कमी हवेवर चालत होता, आणि साइडवॉल आतल्या आत चुरडत होती. मालक शपथेवर सांगतो की हवा बरोबर होती. हळू गळणारं पंक्चर असतं, व्हॉल्व्ह जुना असतो, आणि हवा शेवटची कधी बघितली हे आठवत नसतं. साइडवॉल खोटं बोलत नाही.

यातली सगळ्यात घातक समजूत म्हणजे उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची. पेट्रोल पंपावर मी कितीदा ऐकलंय, "ऊन मजबूत आहे, अठ्ठावीसच टाक." अगदी उलटं आहे. हवा कमी म्हणजे वाकणं जास्त, वाकणं जास्त म्हणजे ताप जास्त. गाडीवरचा आकडा हा थंड टायरचा आहे. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर भार कमी असतानाचा आणि गाडी भरलेली असतानाचा आकडा दिलेला असतो. निघायच्या दिवशी सकाळी, गाडी दोनतीन किलोमीटरपेक्षा जास्त चालायच्या आत, त्या आकड्याप्रमाणे हवा भरा. पाच माणसं आणि डिकी भरून नागपूरला निघाला असाल तर भरलेल्या गाडीचा आकडा. मग गाडी पळून टायर तापला की आतला दाब चारपाच पीएसआयने (पंपावर हवा मोजतात ते माप) वर जातो. साधारण दर पाच-सहा अंश तापमानाला एक पीएसआय असा हिशोब. हा वाढलेला दाब कंपनीने धरलेलाच असतो. वाटेत ढाब्यावर थांबून ३३ चा ३८ झालेला बघून हवा सोडू नका. सोडलीत तर टायर निवल्यावर २८ वर बसतो, आणि परतीचा प्रवास तुम्ही कमी हवेवर करता.

आता टायरवरचं वाचू. साइडवॉलवर २१५/६० आर१७ ९६एच असं लिहिलेलं असेल. २१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १७ हा रिमचा इंचातला व्यास. इथपर्यंत सगळे वाचतात. पुढचं ९६एच कुणी वाचत नाही, आणि हायवेसाठी तेच महत्त्वाचं. ९६ हा भाराचा आकडा, म्हणजे एक टायर ७१० किलो पेलतो. ९८ असेल तर ७५०, १०० असेल तर ८००. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचं रेटिंग. टी असेल तर १९०, एस असेल तर १८०, व्ही असेल तर २४०.

तुम्ही म्हणाल, समृद्धीवर मर्यादा १२० ची, मग एस असला काय आणि एच असला काय. हे रेटिंग नव्या, योग्य हवेच्या, ठरलेल्या भाराच्या टायरचं असतं. टायर चार वर्षांचा झाला, हवा पाच पीएसआय कमी, गाडी काठोकाठ भरलेली, की त्यातली शिल्लक वेगाने संपते. हायवेवाल्याला तीच शिल्लक हवी असते. म्हणून कंपनीने दिलेल्या रेटिंगच्या खाली यायचं नाही, हा नियम मी कुणासाठीही वाकवत नाही. वर गेलात, समजा ९६ ऐवजी १०० किंवा एच ऐवजी व्ही मिळाला, तर उत्तम. टायरवर एक्सएल लिहिलेलं असेल तर तो जास्त भार पेलणारा, थोडा कडक साइडवॉलचा. सतत भरलेली गाडी चालवणाऱ्याला चांगला, एकट्यादुकट्याला जरा ठणठणीत वाटेल. त्याची पूर्ण ताकद जास्त हवेवरच मिळते, हेही लक्षात असू द्या.

एटीचा विषय लवकर संपवतो. ऑल टेरेन टायर माती, दगड, शेतातल्या वाटा यांच्यासाठी. त्याच्या नक्षीचे ठोकळे मोठे आणि मधली फट रुंद. तीच फट हायवेवर गुणगुणते. ८० च्या पुढे आवाज चढतो, काँक्रीटवर तर गाण्याचा आवाज वाढवावा लागतो. ओल्या डांबरावर ब्रेक लागायला बहुतेक एटी चांगल्या एचटीपेक्षा जास्त अंतर घेतात, मायलेज थोडं पडतं, स्टिअरिंग किंचित सैल वाटतं. आठवड्यातून दोनदा शेतावर जात असाल, पावसाळ्यात गाडा रस्ता तुडवत असाल, तर एटीचं मी स्वतः समर्थन करीन. पण क्रेटा पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. ती चिखलात अडकली तर मेहुण्यांचे एटी थोडी मदत करतील, आणि वर्षातले बाकीचे दिवस तुम्ही आवाज ऐकत बसाल. गाडी उठून दिसण्यासाठी दुसरे स्वस्त उपाय आहेत.

मोठ्या मापाचं गणित स्वतः करून बघा, सोपं आहे. साइडवॉल दोनदा आणि रिम एकदा मोजायची. तुमचं माप: १२९ दुणे २५८, त्यात १७ इंच म्हणजे ४३१.८, बेरीज ६८९.८ मिलिमीटर. २२५/६० आर१७ घातला तर ७०१.८ होतो, सुमारे पावणेदोन टक्के जास्त. मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडीचा वेग आधीपेक्षा तेवढाच जास्त असेल. तीन टक्क्यांच्या आत आहे, म्हणून दुकानदार म्हणतो, "काही होत नाही." होत काही नाही, मिळतही काही नाही. रुंद टायर कोरड्यावर थोडा भरीव वाटतो, पण साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतल्या प्लास्टिकला घासतो का तेही बघावं लागतं. १८ इंची रिम घालून २१५/५५ केलं तर व्यास जवळजवळ तोच राहतो, ६९३.७, पण साइडवॉल १२९ वरून ११८ वर येते. कसारा घाटाच्या अलीकडे पलीकडे किंवा कोकणातल्या कुठल्याही फाट्यावर एक खड्डा असा भेटतो की तेवढ्या ११ मिलिमीटरची किंमत कळते. साइडवॉल कमी म्हणजे धक्का रिमवर, रिम वाकते किंवा साइडवॉलला फुगा येतो. शिवाय कंपनीने न दिलेल्या मापावरून वॉरंटीत आणि अपघात झालाच तर विम्याच्या दाव्यात प्रश्न निघू शकतो. एक अपवाद: तुमच्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला कंपनी जे माप देते ते रिमसकट घालायला हरकत नाही. महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० ला २३५/६५ आर१७ आणि २३५/६० आर१८ अशी दोन्ही मापं कंपनीनेच दिली, आणि गणित केलंत तर दोघांच्या व्यासात दोन मिलिमीटरचाच फरक निघेल.

आता पाणी. आणि त्यातच तो "हार्ड टायर".

टायरचं रबर कडक असलं की कमी झिजतं, मऊ असलं की रस्ता जास्त धरतं. सिलिका घातलेल्या नव्या मिश्रणांनी हा झगडा बराच कमी केलाय, पण मिटवलेला नाही. लाख किलोमीटर चालणाऱ्या टायरची किंमत तुम्ही एका दिवशी ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना देता. मुंबईहून येताना इगतपुरीच्या पावसात समोरचा ट्रक अचानक लेन बदलतो, तेव्हा टायर अजून किती चालणार होता याचा उपयोग शून्य. जो माणूस वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर हायवेवर करतो, त्याच्या टायरने पन्नास हजार दिले तरी मला समाधान आहे. त्याच्या पुढचं आयुष्य ओल्या पकडीतून कापून घेतलेलं असतं, निदान बऱ्याचदा.

मग ओली पकड ओळखायची कशी? काही टायरवर साइडवॉलला ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेम्परेचर असे तीन शब्द इंग्रजीत असतात. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावतानाची पकड. डबल ए सगळ्यात वर, मग ए, बी, सी. हायवेवाल्याने ए च्या खाली येऊ नये. टेम्परेचर म्हणजे उष्णता सोसण्याची आणि बाहेर टाकण्याची ताकद. तिथे ए बघा, बी वर भागवू नका. ट्रेडवेअरचा आकडा, ३४०, ४२०, ५००, हा टिकाऊपणाचा, पण तो प्रत्येक कंपनी स्वतःच्या चाचणीवरून देते. एका कंपनीचा ५०० दुसरीच्या ४२० पेक्षा जास्त चालेलच असं नाही. एकाच कंपनीचे दोन टायर तोलायला तो आकडा बरा. आपल्याकडे ओली पकड, रोलिंगचा विरोध आणि आवाज यांची किमान मर्यादा घालणारं एआयएस १४२ हे मानक २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं, त्यामुळे अगदीच टाकाऊ माल कमी झाला. काही टायरवर बीईईचे, म्हणजे सरकारच्या ऊर्जा बचत खात्याचे, स्टार दिसतील, ते प्रामुख्याने इंधनाच्या बचतीचे आहेत. आयएसआयचा शिक्का मात्र असलाच पाहिजे, तो सक्तीचा आहे.

नक्षीची खोली हा ओल्या पकडीचा दुसरा अर्धा भाग, आणि तो तुमच्या हातात आहे. नव्या टायरची खोली सात-आठ मिलिमीटरच्या घरात असते. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की कायद्याने संपला. साइडवॉलच्या खांद्याला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात, त्या रेषेत आत बघितलंत की उंचवटा सापडतो. पण कायदा १.६ म्हणतो म्हणून पावसाळा त्यावर काढू नका. कोकणातल्या पावसाला तीन मिलिमीटर ही माझी सीमा. त्याखाली खाचांत पाणी मावत नाही, आणि ८०-९० च्या वेगाला टायर पाण्यावर चढतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, तोपर्यंत उशीर झालेला असतो. तुमचे टायर उंचवट्याला टेकायला आलेत असं लिहिलंय, म्हणजे पावसाळ्याची वाट न बघता आत्ताच बदला.

बनावटीची तारीख. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा किंवा त्याच धर्तीचा एक क्रमांक असतो, आणि त्याच्या शेवटी लंबगोलात चार आकडे. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा, म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा. हे आकडे बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात. चढवताना ती बाजू आत गेली की नंतर गाडीखाली झोपून बघावं लागतं, म्हणून टायर जमिनीवर आडवे असतानाच चारही वाचा. सहा महिन्यांपर्यंतचा माल मी नवा समजतो. वर्षाच्या जवळचा असेल तर घासाघीस करा. वर्ष ओलांडलेला मी स्वतः घेणार नाही, नीट सावलीत ठेवलेला असला तरी, कारण तो सावलीतच होता हे सांगणारा कुणी नसतो. चारही टायरच्या तारखा एकमेकांच्या जवळ असाव्यात. एकाची तारीख वेगळीच निघाली तर दुकानात उरलेला एक तुमच्या गळ्यात मारताहेत असं समजा.

वयाचा मुद्दा स्टेपनीला जास्त लागू. स्टेपनी घासलेली नसते म्हणून लोक ती कायमची समजतात. रबर न चालताही म्हातारं होतं. तुमची स्टेपनी आता पाच वर्षांच्या पुढची आहे. पाच वर्षांनंतर कुठलाही टायर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचा आणि दहाव्या वर्षाला, कितीही चांगला दिसला तरी, काढून टाकायचा असं टायर कंपन्याच सांगतात. आपल्या उन्हात सतत हायवे असेल तर चालत्या टायरसाठी मी सहावं वर्ष शेवटचं धरतो. आणि एक बघा: बऱ्याच गाड्यांची स्टेपनी एक इंच लहान, लोखंडी रिमवर असते. १६ इंची २०५/६५ असेल तर तिचा व्यास तुमच्या चालत्या टायरपेक्षा १७ मिलिमीटरने कमी. ती घालून पंक्चरच्या दुकानापर्यंत, फार तर ८० च्या वेगाने जायचं. नागपूर गाठायचं नाही.

चार की दोन? तुमच्या परिस्थितीत चार, कारण चारही एकाच वयाचे आहेत. खिशाला परवडत नसेल आणि दोनच घ्यायचे असतील तर नवे दोन मागे घाला. इथे दुकानात वाद होतो. गिऱ्हाईक म्हणतं, इंजिन पुढे, ओढ पुढे, स्टिअरिंग पुढे, नवे पुढेच पाहिजेत. कारण समजून घ्या. ओल्यात पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, तुम्हाला स्टिअरिंगमधून कळतं, पाय उचलला की ती पुन्हा धरते. मागचे घसरले तर गाडीची शेपटी बाहेर जाते आणि गाडी गर्रकन फिरते. ते सावरणं बहुतेक ड्रायव्हरच्या आवाक्याबाहेरचं. ईएससी, म्हणजे गाडी घसरताना आपोआप सावरणारी यंत्रणा, असलं तरी ते टायरमध्ये नसलेली पकड आणू शकत नाही. म्हणून जास्त नक्षीचे टायर मागे, गाडी पुढून ओढणारी असो की मागून. चारही चाकांवर सतत चालणारी गाडी असेल तर चारही टायर एकदम, नाहीतर झिजेतल्या फरकाचा ताण गिअर यंत्रणेवर येतो.

कंपनीबद्दल माझं मत विचारलंच आहे तर सांगतो, मत म्हणूनच घ्या. शांतता आणि ओली पकड पहिली हवी असेल तर मिशलिनचे प्रायमसी आणि कॉन्टिनेंटलचे अल्ट्राकॉन्टॅक्ट या घराण्यातले टायर बघा. योकोहामाचे जिओलँडर हायवेचे आणि ब्रिजस्टोनचे ड्युएलर किंवा टुरान्झा मधल्या वाटेचे, सगळ्यात थोडं थोडं. खराब रस्ते जास्त आणि टिकाऊपणा पहिला असेल तर एमआरएफ, जेके, अपोलोचे अप्टेरा. सीएटने गेल्या काही वर्षांत एसयूव्हीच्या टायरमध्ये चांगली मजल मारली आहे. पण एकाच कंपनीचे दोन टायर एकमेकांपासून दोन वेगळ्या कंपन्यांइतके वेगळे असतात. म्हणून "अमुक कंपनीचा द्या" असं न म्हणता पूर्ण नाव विचारा, आणि तेच नाव बिलावर येऊ द्या. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आहे, त्यामुळे परदेशी चाचण्यांत पहिला आलेला एखादा टायर तुमच्या मापात इथे मिळेलच असं नाही. जो मिळतो, ताजा मिळतो आणि ज्याची वॉरंटी तुमच्या गावात मिळते, तो चांगला. चारही एकाच नावाचे, निदान एका अक्षावरचे दोन तरी.

चढवताना उभे राहा. पाच मिनिटांचा चहा नंतर घेता येतो. व्हॉल्व्ह नवे घालायला सांगा. रबराचा व्हॉल्व्ह टायरइतकाच म्हातारा झालेला असतो आणि किमतीच्या मानाने कवडीमोल आहे. चाकात हवेचा सेन्सर असेल तर मशिनवाल्याला आधीच बजावा, टायर उतरवताना त्याचं पातं सेन्सरवर बसलं की खर्च वाढला. काही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, काहींवर बाहेरची बाजू लिहिलेली असते, ते तपासा. चारही चाकांचं बॅलन्सिंग. मग अलाइनमेंट, आणि त्याचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागून घ्या.

अलाइनमेंट का, हे जुन्या टायरवरच दिसेल. ते फेकून द्यायच्या आधी नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका बाजूला गुळगुळीत आणि उलट बाजूला करवतीसारखं लागलं, तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा रोख, बिघडलेला आहे. आतली कडा टक्कल आणि बाहेरची नवीकोरी असेल, तरी अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचे बुश. मध्येच जास्त झिजला असेल तर हवा जास्त राहिली, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. हे न सुधारता नवे टायर चढवलेत तर तेही त्याच वाटेने जातील. नट पाना लावून मापात आवळायला सांगा, नुसत्या हवेच्या गनने नाही, आणि शेदीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून घ्या. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरच्या जागा आलटून-पालटून बदला.

नायट्रोजन: फुकट असेल तर घ्या. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजनने दाब थोडा हळू कमी होतो, एवढंच. तो भरलाय म्हणून महिनोन्‌महिने हवा न बघणारे लोक मी पाहिलेत. त्यांना साधी हवाच बरी होती. वाटेत नायट्रोजन मिळाला नाही तर त्यात साधी हवा बिनधास्त टाका. आतला लगदा, म्हणजे पंक्चर आपोआप बुजवणारं द्रव, हायवेच्या गाडीला मी घालत नाही. बॅलन्सिंग बिघडतं आणि खरं पंक्चर लपून राहतं.

जुन्या टायर बाजारातून "नव्यासारखे" टायर घेऊ नका. त्यांतल्या काहींची नक्षी गरम हत्याराने पुन्हा खोदलेली असते, रंग मारून चकाकी आणलेली असते. खाचेच्या तळाशी उंचवटे दिसले नाहीत, किंवा कापल्यासारखी कड लागली, की ओळखा.

भावाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो हिशोब बिलात दिसला पाहिजे. पक्कं बिल घ्या आणि त्यावर चारही टायरचे क्रमांक लिहून घ्या, वॉरंटीला तेच विचारतात. दोन-तीन दुकानांना फोन करून एवढंच विचारा: २१५/६० आर१७, टायरचं पूर्ण नाव, भार आणि वेगाचं रेटिंग, बनावटीचा आठवडा, आणि फिटिंग, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून एकूण किती. जुन्या चार टायरचे किती कापणार, तेही विचारून टाका. फोनवर आठवडा सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे जाऊ नका. नवे टायर बसल्यावर पहिले दोनतीनशे किलोमीटर जरा सबुरीने चालवा, नव्या रबरावरचा साच्याचा गुळगुळीत थर तेवढ्यात जातो. नागपूरची फेरी त्याच आठवड्यात असेल तर त्याआधी एकदा पुण्याला जाऊन या.